मागच्या चाकाची साक्ष

ठाणे, ४ जानेवारी १९५४, सोमवार

आमच्या घरातल्या शहाण्यांनी आज गाडीचा आजार शोधून काढला. टेंभी नाक्याला वळताना सुमती मागच्या सीटवरून पुढे वाकली आणि माझा खांदा हलवून काहीतरी म्हणाली. गाडी चालवणाऱ्याचा खांदा हलवू नये, एवढी अक्कल या वयात तरी बायकोला यायला हरकत नव्हती. घरी आल्यावर तिने समोर उभं राहून खुलासा केला. ब्रेक दाबला की मागच्या चाकातून आवाज येतो म्हणे.

"कसला आवाज?"

"किर्र असा. ऐकताना दात शिरशिरतात हो."

लगेच आमचे चिरंजीव मधुकरराव यांनी तोंड घातलं. हे सचिवालयात कारकून आहेत आणि तिथे दिवसभर तोंड उघडायची सोय नसल्यामुळे उरलेलं घरी उघडतात. त्यांना जो आवाज ऐकू आला तो "खर्र" होता. पत्र्यावर पत्रा घासावा तसा.

मी उभा जन्म ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदारी केली. एकाच गोष्टीबद्दल दोन साक्षीदार दोन तऱ्हेचं सांगू लागले की ती गोष्ट घडलेलीच नसते, हे मला न्यायाधीशाच्या आधी कळायचं. गाडी मी चालवतो. गाडीच्या पोटात काय चाललंय ते माझ्या हातापायांना कळतं. मला काही ऐकू आलेलं नाही. खटला इथेच संपतो.

गाडी सन चौतीसची आहे. गिरणीचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मी ती घेतली. साहेबाच्या मडमेला तिच्यात कधी किर्र ऐकू आलं नाही आणि खर्रही नाही.

७ जानेवारी, गुरुवार

रेडिओ दुरुस्त होऊन आला म्हणे. काडीचं काम केलेलं नाही. बातम्या देणारा अजून तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलतो. बटण शेवटपर्यंत पिळलं तेव्हा कुठे शब्द लागले, तर शेजारचे वकील धाडकन खिडकी लावून घेताना दिसले. भारी नाजूक माणसं.

हिवतापवाल्यांनी भिंतींना डी.डी.टी. फवारली तिचा मात्र गुण आला. डास आहेत तसेच आहेत, पण रातकिडे समूळ मेले. संध्याकाळी अंगणात बसलो तर एकसुद्धा किरकिरत नव्हता. सुमतीला हे सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुक करायचं असेल तर तोंडाने करावं.

१० जानेवारी, रविवार

आवाजाचा खटला पुन्हा वर काढण्यात आला. या वेळी सुमतीने नवा साक्षीदार आणला, आमची सून सरोज. सुमती म्हणाली, सरोजला तो आवाज पहिल्यापासून ऐकू येतो आणि दिवसेंदिवस वाढतोय. मी म्हटलं, ऐकीव पुरावा मी घेत नाही. साक्षीदाराने समोर येऊन सांगावं.

सरोज आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. सातवा लागलाय, त्यामुळे दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "काय ऐकलंस?" तिचे ओठ हलले. मी वाट पाहिली. पुन्हा हलले. शब्द म्हणून काही बाहेर पडला नाही. खऱ्या साक्षीदाराचा आवाज खणखणीत असतो. बनावट साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याचा घसा बसतो. मी म्हटलं, "कळलं. जा." ती गेली नाही, आणखी काहीतरी पुटपुटली, आणि मग सुमतीने तिला हाताला धरून आत नेलं.

ही मुलगी डोंबिवलीची. तिच्या माहेरी सगळे एकमेकांशी भांडल्यासारखे बोलतात. भाऊ सायकलींचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकाशी बोलतो तसाच आईशी बोलतो. लग्न होऊन आली त्या दिवशी हिने परसातून मधूला अशी हाक मारली की माझ्या हातातला चहा हिंदकळला. मी तेव्हाच सांगितलं, आमच्या घरात आवाज चढवून बोलायची रीत नाही. माझ्या वडिलांसमोर माझ्या आईचा आवाज कधी कोणी ऐकला नाही. मुलगी शहाणी, एकदा सांगितलेलं तिने धरून ठेवलं. पण शहाणपणालाही मर्यादा असते. हल्ली ती माझ्याशी बोलते की नुसती ओठ हलवून वेळ मारून नेते, हेच कळत नाही.

नातू झाला की त्याला बोलायला मी स्वतः शिकवणार आहे. बापावर सोडलं तर पुटपुटायला शिकेल आणि आईवर सोडलं तर मुका राहील. मी माडीवरची पूर्वेकडची खोली रिकामी करून घेतली आहे. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, नाहीतर लगेच डोक्यावर बसतील.

१३ जानेवारी, बुधवार

घरातली कटकट मिटावी म्हणून गाडी चेंदणीला पंढरीकडे नेली. त्याचं गॅरेज म्हणजे वर चार पत्रे आणि खाली तेलाचा चिखल. पण माणूस बोलतो छान. शेजारी लोहाराचे घण चाललेले असतात, त्यामुळे त्याला लहानपणापासून मोकळ्या गळ्याने बोलायची सवय आहे. शब्द न् शब्द कळतो. आमच्या पदवीधर चिरंजीवांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी.

पंढरी गाडीतून एक फेरी मारून आला आणि कमरेवर हात ठेवून ओरडला, "साहेब, मांगचा चाक बोंबलतंय! बेरिंग गेलाय, दुसरा काय नाय! चाक खोलाला पायजे!"

"तू स्वतः ऐकलंस?"

"मीच काय, त्या म्हशीनी पन ऐकला! रस्ता सोरून पलाली ती!"

म्हैस साक्षीला आणणारा माणूस. मग मला आठवलं, याच पंढरीने दिवाळीत विचारलं होतं, साहेब, गाडी काढायची झाली तर मला द्या, मी गवत वाहायला घेतो. म्हणजे आधी चाक खोलायचं, मग आणखी काही खोलायचं, मग गाडी आता कामाची राहिली नाही असं सांगायचं आणि तिच्यात गवत भरायचं. चाकाला हात लावू दिला नाही. वरून ग्रीस मारून घेतलं आणि परत आलो.

परतीच्या वाटेवर एका लॉरीने मला घासून ओलांडलं. हल्ली लॉरीवाले हॉर्न वाजवण्याचे कष्टही घेत नाहीत. एकदम बाजूला उगवतात आणि वर आपल्यालाच हातवारे करतात.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. दिवसभर माणसं तिळगूळ देऊन गोड बोला म्हणत होती. मी प्रत्येकाला सांगितलं, गोड राहू द्या, स्पष्ट बोला. हसली. हसणं तेवढं सगळ्यांना स्पष्ट येतं.

१९ जानेवारी, मंगळवार

सुमतीच्या नव्या खोडीने मी हैराण झालो आहे. घरी कोणी आलं की ती येऊन माझ्या शेजारी उभी राहते, आणि पाहुणा जे बोलेल ते माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगते. "ते विचारताहेत, तब्येत कशी आहे." "ते म्हणताहेत, मुलीचं लग्न ठरलं." बेलिफाने पुकारा करावा तसं. आज पाहुणे गेल्यावर मी चिडलो. म्हटलं, माझ्या आणि माणसांच्या मध्ये तुझं काय काम?

ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"काय दाखवायचं?"

"कान."

मला आधी खरंच वाटलं की तिचेच दुखताहेत. नंतर उलगडा झाला. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात हिला, हिच्या मुलाला, हिच्या सुनेला आणि चेंदणीच्या म्हशीला, आणि कान दाखवायचे माझे! या घरात धड कान असलेला मी एकटाच उरलो आहे. मी तिला तसं सांगितलं. ती उठून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकांना पुरावा संपला की पाणी काढायची सवय असते.

२३ जानेवारी, शनिवार

डोहाळजेवण पुढच्या रविवारी ठरलं. सरोजची आई म्हणते, नावेतलं करू. घोडबंदरच्या रस्त्याला गायमुखाशी खाडीत तिच्या ओळखीच्या कोळ्याची नाव आहे. पोरीला फुलांनी मढवायचं, नावेत बसवायचं आणि ओल्या नारळाच्या करंज्या खाऊ घालायच्या. विहीणबाई आज हे सगळं ठरवायला आल्या होत्या. बाई असभ्य आहे, पण काय बोलते ते मला शेवटच्या अक्षरापर्यंत कळलं. मध्ये सुमतीला उभं राहावं लागलं नाही.

त्या गेल्यावर सुमती आली. "सरोज म्हणतेय, ती आईबरोबर बसने येईल. गाडी नको म्हणते."

सासऱ्याची गाडी दारात उभी आणि गरोदर सून बसमध्ये कोळणींच्या टोपल्यांत बसून डोहाळजेवणाला जाणार! गाव काय म्हणेल? म्हातारा पोटुशीला गाडीत घेत नाही, हेच म्हणेल. कारण विचारलं तर तोच आवाज. भीती वाटते म्हणे.

तेव्हा मी ठरवलं की ही कटकट मुळापासून काढायची. आमच्या घरात कुरकुरणाऱ्या वस्तूचा औषधोपचार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. झोपाळ्याच्या कड्या असोत, विहिरीचा रहाट असो की पाळणा असो, एरंडेल सोडायचं. कुपी घेतली, अंगणात सगळ्यांना बोलावलं, आणि सगळ्यांच्या देखत मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला जी फट असते तिच्यात कुपीचं नाक घालून भरपूर तेल सोडलं. आवाज एकाच चाकातून येतो म्हणता ना? घ्या, चारही चाकांना. उगाच पक्षपात नको.

मी वाकलेला असताना सरोज पुढे आली होती. तिचे पाय मला दिसत होते. मान वर करून पाहिलं तर ती हात हलवत काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, "झालं बरं, झालं. आता घाबरू नकोस." तिने मधूकडे पाहिलं. मधूने माझ्याकडे पाहिलं आणि मग तो आपल्या चपलांकडे बघू लागला. हाच माझा मुलगा. चपलांचा चांगला अभ्यास आहे त्याचा.

२४ जानेवारी, रविवार

मी जिंकलो. सगळ्यांना गाडीत कोंबून तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून विचारलं, आता? सुमती म्हणाली, गेला आवाज. मधू म्हणाला, खरंच गेला की. सरोजने मान हलवली.

मला आधी आवाज ऐकू येत नव्हता, आताही येत नाही. माझ्या दृष्टीने काही म्हणजे काही बदललेलं नाही. जे बदललं ते या तिघांच्या डोक्यात. तेल घालताना पाहिलं आणि रोग बरा झाला. यापेक्षा सज्जड पुरावा मी कोर्टात पाहिलेला नाही. जेवताना हे त्यांना समजावून सांगितलं.

२८ जानेवारी, गुरुवार

गाडी तेलाने चांगलीच मऊ झाली आहे. पूर्वी ब्रेक दाबला की हिसका बसायचा. आता पायाखाली लोण्यासारखा जातो आणि गाडी आपल्या सोयीने, सावकाश, मानाने थांबते. आज बाजारात एका भाजीवाल्याच्या टोपलीला किंचित लागली. टोपली रस्त्यात ठेवायची वस्तू नव्हे. तो बराच वेळ हात नाचवत होता.

सरोजने पुन्हा बसचा विषय काढला असं सुमती म्हणते. मी ऐकून घेतलं नाही. माझा नातू माझ्याच गाडीतून जाईल.

१ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आजही लिहावंसं वाटत नाही, पण घरात दुसरं कोणी नाही आणि बसवत नाही.

काल सकाळी निघालो. मधू माझ्या शेजारी, मागे सुमती आणि सरोज. विहीणबाई करंज्यांचे डबे घेऊन बसने पुढे गेल्या होत्या. सरोज हिरवं लुगडं नेसली होती, हातात हिरवा चुडा. रस्ता मोकळा. मी खुशीत होतो. मधूला रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी पूर्वी कोणाच्या होत्या आणि त्यांवरून कोणकोण कोर्टात आलं होतं ते सांगत होतो.

गायमुखाच्या उतारावर ब्रेक दाबला. पाय खाली गेला आणि गाडी गेली तशीच गेली. पुन्हा दाबला. दोन्ही पाय देऊन दाबला. हाताचा ब्रेक ओढला तर तोही नुसता वर आला. खाली रस्ता खाडीकडे वळतो, आणि वळणावर गवताने भरलेली बैलगाडी आडवी उभी होती. गाडीवान उडी मारून पळाला, पण बैल जुंपलेलेच होते. मधू तोंड उघडून काहीतरी करत होता, मला कळत नव्हतं. मला काहीच कळत नव्हतं. नुसती गाडी धावत होती, अगदी निवांत, आवाज नाही की काही नाही.

आणि मग माझ्या कानाशी कोणीतरी किंचाळलं, "मामंजी, डावीकडे! गंजीत घाला! गंजीत!"

डावीकडे शेतात गवताची गंजी रचलेली होती. मी चाक फिरवलं. गाडी बांधावरून उडाली आणि गंजीत घुसली.

मागे वळून पाहिलं तेव्हा सरोज पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून खाली बसली होती, दोन्ही हात पोटावर. म्हणजे ती ओरडली होती. लग्न होऊन दोन वर्षं झाली. परसातल्या त्या एका हाकेनंतर हिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

एका लॉरीवाल्याने आम्हाला इस्पितळात आणलं. वाटेत सुमती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. असं तोंड करून ती हल्ली नेहमीच बोलते, पण काल त्यात मऊपणा नव्हता. म्हणाली, "तेल घालत होतात तेव्हा पोर सांगत होती तुम्हाला. ब्रेकला तेल लागलं की धरत नाही. तिच्या भावाच्या दुकानात लहान मुलांनासुद्धा ठाऊक असतं. दोनदा सांगितलं तिने."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर मला ऐकू नसतं आलं?"

सुमतीने तोंड फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

इस्पितळात सरोजला आत नेलं. डॉक्टर तरुण पोरगा होता. दाराच्या फटीतून मला दिसलं, त्याने सरोजच्या पोटावर लाकडी नळी टेकवली होती आणि तिच्यावर कान ठेवून डोळे मिटले होते. एका जागी ऐकलं, मग दुसऱ्या जागी, मग पुन्हा पहिल्या जागी. इतका वेळ माणूस काय ऐकतो? काही असेल तर लगेच ऐकू येणार नाही का?

मग तो बाहेर आला. पांढरं फडकं तोंडाला बांधलेलं, हातात कागद, आणि आमच्याऐवजी कागदाकडे बघून बोलत होता. मी त्याच्या अगदी जवळ उभा होतो. कोर्टात असतो तर त्याला दरडावून सांगितलं असतं, नीट बोला. काल सांगता आलं नाही. तो बोलला, थांबला, आणखी थोडं बोलला. मधू भिंतीला टेकून खाली बसला. सुमतीने पदर तोंडाला लावला आणि रडू लागली. निरोप मिळून गायमुखाहून आलेल्या विहीणबाई आत धावल्या. मी मान हलवली आणि म्हटलं, "ठीक आहे."

काय ठीक आहे?

सुमती आनंदानेही अशीच रडते आणि दुःखानेही अशीच रडते. इतक्या वर्षांत मला फरक ओळखता आलेला नाही. एरवी ती माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगते. काल नाही सांगितलं. मी विचारलंही नाही. डॉक्टर माझ्या तोंडासमोर सांगून गेला, आणि मी काय विचारू, की तो काय म्हणाला?

सुमती आणि विहीणबाई तिथेच राहिल्या. मधूने मला घरी आणून सोडलं. उंबऱ्यात मी विचारलं, "मग? कसं आहे?" तो खाली वाकून चपलेचा पट्टा सोडत होता. तसाच वाकून काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "बरं." सकाळी मी उठायच्या आत तो परत इस्पितळात गेला.

माझा नातू आहे की नाही, हे मला माहीत नाही. चेंदणीच्या पंढरीला एव्हाना माहीत असेल. शेजारच्या वकिलांना माहीत असेल. त्यांची बायको मघाशी कुंपणापाशी आली होती, हात जोडून काहीतरी म्हणाली. मी हात जोडले. अभिनंदनाला हात जोडतात तसेच दुखवट्यालाही जोडतात.

माडीवरच्या खोलीत जाऊन आलो. खिडकी उघडली होती ती लावून घेतली. मग पुन्हा उघडली.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

शेवटी चालत इस्पितळात गेलो. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना दारापर्यंतच सोडतात. सरोज अगदी पलीकडच्या टोकाला खिडकीखालच्या खाटेवर होती. तिच्या पायांशी सुमती, उशाशी विहीणबाई. सुमतीचे डोळे सुजलेले होते. दोन्ही बाजूंना खाटांची रांग, बायका, नातेवाईक, पाळणे. सगळ्यांची तोंडं हलत होती.

एक नर्स माझ्याजवळ येऊन काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली, पुन्हा काहीतरी म्हणाली आणि निघून गेली. माझी मान हलवून झालेली होती. आणखी किती हलवणार?

सरोजने मला पाहिलं. पडल्यापडल्या पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे बघून बोलली. ओठ हलले, नेहमीसारखे. मी दारात उभा. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

मी म्हटलं, "काय?"

मला वाटतं मी फार मोठ्याने म्हटलं, कारण जवळच्या दोन बायका दचकल्या. सरोज पुन्हा बोलली. मला फक्त ओठ दिसले. मी पुन्हा म्हटलं, "काय? मला काही कळत नाही गं!"

सरोज सुमतीकडे पाहू लागली. सुमतीने तिला मान हलवून खूण केली. तेव्हा ती पोर एका हाताने पोट धरून उठून बसली, डोक्यावरचा पदर मागे पडला तो तिने उचलला नाही, आणि भर वॉर्डात, चाळीस बायकांच्या देखत, सासऱ्याला ओरडून सांगितलं, "मामंजी, बाळ चांगलं आहे! हालतंय! लाथा मारतंय!"

सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. नर्स तोंडावर बोट ठेवून धावत आली. आमच्या घराण्यात आजवर कोणत्याही सुनेने असा आवाज काढलेला नाही.

मी दाराची चौकट घट्ट धरली आणि म्हटलं, "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.